फोन बापाचा, अभ्यास पोराचा

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका आईचं पत्र आलं आहे. नाव-गाव अर्थातच देत नाही. घरी सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला. घरात स्मार्टफोन एकच, तो नवऱ्याचा. शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो म्हणून वेचणीच्या दिवसांत फोन घरी ठेवून नवरा-बायको वावरात जातात. घरी मुलगा आणि त्याची आजी. चुलतभावानं त्या फोनवर गोळीबाराचा एक खेळ टाकून दिला. त्यात भेटलेल्या एका 'भैया'नं डायमंड (खेळातले पैसे) देतो म्हणून नंबर मागितला, पोरानं बापाचा नंबर दिला. मग रोज दुपारी व्हॉट्सॲपवर गप्पा सुरू झाल्या, आणि एक दिवस मेसेज आला, 'शर्ट उतार के फोटो भेज, मम्मी को मत बताना'. मुलानं फोटो पाठवला नाही. दोन दिवस धड जेवला नाही, तिसऱ्या दिवशी आईला सांगितलं. बापानं पोराला दोन थापडा दिल्या, चॅट डिलीट केली, नंबर ब्लॉक केला, खेळ काढून टाकला. आता नवरा म्हणतो, हा फोन बंद, बटणाचा आणू. गुरुजी म्हणतात, ग्रुपवरचा अभ्यास पाहावाच लागेल. आईचे प्रश्न तीन : टाकलं की पोराला वाईट काही दिसणारच नाही असं एखादं ॲप आहे का? पोलिसांत गेलो तर गावात नाव खराब होईल का? आणि आठ दिवस झाले, पोरगा फोनकडे पाहतसुद्धा नाही, हे चांगलं समजायचं का?

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. आठ वर्षांच्या पोरानं फोटो पाठवला नाही, आणि 'मम्मी को मत बताना' म्हटलेलं असूनही मम्मीला सांगितलं. तीन दिवस लागले, लागू द्या. कितीतरी मुलं महिनोन् महिने गप्प राहतात.

अशी माणसं काम कसं करतात ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. सुरुवात कधीच घाणेरड्या बोलण्यानं होत नाही. आधी खेळात मदत, मग एखादी भेट; तुमच्याकडे डायमंड होते, दुसरीकडे रिचार्ज असतो. मग खेळातून व्हॉट्सॲपवर आणतात, कारण तिथे दोघांशिवाय कोणी नसतं. मग एक छोटंसं गुपित, मग फोटोची मागणी. एकदा फोटो हाती लागला की बोलणं पालटतं : 'दुसरा पाठव, नाहीतर हा तुझ्या बापाला पाठवतो.' या शेवटच्या धमकीचा सगळा जोर बापाच्या मारावर असतो. तो माणूस बापाला ओळखत नाही, पण बाप मारणार हे धरूनच चालतो.

म्हणून त्या दोन थापडांबद्दल लिहिणं भाग आहे. तुमच्या यजमानांना राग त्या माणसाचा आला असणार, पण हाताशी पोरगा होता. पोराच्या डोक्यात मात्र हिशेब असा बसला असेल की सांगितलं म्हणून मार पडला. हा हिशेब आईनं समजावून सुटत नाही, तो बापालाच सोडवावा लागतो. फार मोठं भाषण नको. बैलांना चारा टाकताना जवळ घेऊन एवढं म्हटलं तरी पुरे : 'मी त्या माणसावर चिडलो होतो, हात तुझ्यावर उठला, चुकलं. तू सांगतलं ते बेस केलं. पुन्हा असं काही झालं तर मारणार नाही आणि फोनही बंद करणार नाही.' शेवटचं वाक्य गाळू नका. सांगितल्यावर फोन जातो असं दिसलं की पुढच्या वेळी मूल सांगत नाही.

आता पोलिसांचं. ब्लॉक केलं ते बरोबर, डिलीट करण्याची घाई झाली. तरी सगळं गेलं असं समजू नका. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी'त 'ब्लॉक केलेले संपर्क' अशी यादी असते, तिच्यात तो नंबर अजून असेल. तो कागदावर उतरवा, त्या स्क्रीनचा दुसऱ्या फोननं फोटो काढा. मेसेज कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता आला, खेळात त्यानं काय नाव लावलं होतं, एवढं पोराला एकदाच, न खोदता विचारा आणि लिहून ठेवा. खेळ पुन्हा टाकून त्या माणसाला शोधायला जाऊ नका. पोरगा बनून मेसेज करून त्याला पकडण्याचा उद्योग तर मुळीच नको. तो सावध होतो, नंबर टाकून देतो.

इतर वाचकांनी हे लक्षात ठेवावं : आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक, आणि डिलीट काहीच करायचं नाही. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप रोजचा बॅकअप फोनमध्येच ठेवतं, पण तो साधारण सात दिवसांचाच. त्यामुळे चॅट उडवली असेल तर त्याच आठवड्यात फोन पोलिसांना दाखवलेला बरा. खेळ 'गेस्ट' म्हणून उघडलेला असेल तर फोनवरून काढताच खातंही हातचं जाऊ शकतं, म्हणून खेळसुद्धा लगेच काढू नका. आणि कुठल्या मुलाचा तसला फोटो खरोखरच गेला असेल, तर तो पुरावा म्हणून गुरुजींना, भावाला, ग्रुपवर, कुणालाही पुढे पाठवू नका. मुलांचे असे फोटो पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे, पाठवणारा सख्खा काका का असेना. फोन तसाच पोलिसांच्या हाती द्या. फेसबुक-इन्स्टाग्रामवर तो पसरू नये म्हणून 'टेक इट डाऊन' नावाची मोफत सेवा आहे. तिच्यात फोटो द्यावा लागत नाही, फोनवरच त्याचा आकड्यांचा एक ठसा तयार होतो आणि तेवढाच पाठवला जातो. व्हॉट्सॲपवरच्या खासगी गप्पांत मात्र ती चालत नाही.

'पोरीचं असतं तर गोष्ट वेगळी होती' असं तुमच्या घरात कोणीतरी म्हटलं असेल. पोक्सो कायदा, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवणारा २०१२ चा कायदा, पोरगा-पोरगी असा फरक करत नाही. लैंगिक हेतूनं मुलाशी मोबाईलवरून वारंवार संपर्क ठेवणं कलम ११ खाली लैंगिक छळ ठरतं. फोटो पोचला नाही म्हणून गुन्हा झाला नाही असं होत नाही. आणि तो माणूस तुमच्याच पोराशी बोलत होता असं थोडंच आहे? त्याच नंबरवरून आणखी कुठल्या गावचं पोरगं आज बोलत असेल.

गावात नाव होण्याची भीती खोटी नाही. कायदा वर्तमानपत्राला मुलाची ओळख छापू देत नाही (कलम २३), पण पारावरच्या गप्पांना कलम लागत नाही. म्हणून सोबत चार माणसं नेऊ नका, सरपंचांपासून सुरुवात करू नका. नवरा-बायको दोघंच तालुक्याच्या ठाण्यात जा. पोराला न्यायची गरज नाही. कलम २४ प्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि वर्दी न घालता. हे ठाण्यात शांतपणे सांगा. जाणं जमत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर महिला आणि बालकांवरच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे. तिथे नाव न देताही तक्रार घेतात, पण मग तपासाला तुमच्याकडून काही लागलं तर विचारणार कोणाला? तुमच्यासारख्या प्रकरणात नाव दिलेलं बरं. काय करावं तेच कळत नसेल तर १०९८ ला फोन लावा, मुलांसाठीचा आहे, रात्रीही चालतो. १९३० हा वेगळा. खात्यातून पैसे गेले तर तो, आणि तोही लगेच.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे. असं ॲप नाही. आणि ते शोधण्यात एक गोष्ट नजरेतून सुटते : तुमच्या घरात पोराचा फोन नाहीच. फोन बापाचा, गूगलचं खातं बापाचं, जन्मवर्ष बापाचं. फोनच्या लेखी तो चालवणारा चाळिशीचा माणूस आहे, म्हणून जाहिराती, व्हिडिओ, खेळातली ओळखपाळख सगळी चाळिशीच्या माणसाला शोभेल अशी येते. पोराच्या नावानं खातं काढताना वय चालत नाही म्हणून खोटं साल टाकणाऱ्यांचंही हेच होतं. लहान मुलांसाठी गूगलनं लावलेली सगळी बंधनं त्या एका आकड्यानं उठतात.

'फॅमिली लिंक' हे गूगलचं ॲप चांगलं आहे; त्यात किती वेळ, कुठलं ॲप, रात्री किती वाजता बंद, सगळं ठरवता येतं. पण त्याला दोन फोन लागतात, एक पालकाचा आणि एक मुलाचा, ज्यावर मुलाचं खरं वय टाकलेलं खातं आहे. बापाच्याच फोनवर ते टाकून 'चालत नाही' म्हणणारे पुष्कळ. घरात जुना, काच तडकलेला का होईना, दुसरा फोन असेल तरच त्याच्या वाटेला जा.

एकाच फोनवर खरं कामाला येतं ते ॲप पिन करणं. साध्या अँड्रॉइड फोनमध्येही ते असतं. सेटिंग्जमध्ये 'सुरक्षा' उघडा (काही फोनांत 'आणखी सुरक्षा सेटिंग्ज'), तिथे 'ॲप पिनिंग' किंवा 'स्क्रीन पिनिंग' चालू करा आणि खालचं 'अनपिन करण्याआधी पिन विचारा' हेही चालू करा. मग पोराला जे पाहायचं ते उघडा, अलीकडच्या ॲप्सची पानं आणा, त्या पानाच्या डोक्यावरच्या गोल चिन्हावर बोट ठेवा, 'पिन' म्हणा. काही कंपन्यांच्या फोनांत हे चिन्ह दुसरीकडे असतं. नाही सापडलं तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'पिन' लिहा. आता मागे, पुढे, वरची पट्टी ओढून, काहीही केलं तरी पोरगा सहसा त्या ॲपच्या बाहेर जात नाही. फसतं ते दोन ठिकाणी. पहिलं, फोनचं कुलूप उघडायचा पिन पोराला पाठ असतो. बापानं त्याच्यासमोर शंभरदा टाकलेला असतो. तो आजच बदला, आणि जन्मसाल ठेवू नका. दुसरं, व्हॉट्सॲपच पिन केलं तर गृहपाठाबरोबर बापाच्या सगळ्या चॅट पोरापुढे उघड्या. गावातल्या पुरुषमंडळींच्या ग्रुपांवर काय काय फिरतं ते मी इथे लिहीत नाही, यजमानांना ठाऊक असेल.

म्हणून व्हॉट्सॲप पोराच्या हाती द्यायचंच नाही. त्या ॲपच्या स्वतःच्या नियमातही वय किमान १३ आहे. गृहपाठ मोठ्यांनी पाहायचा, वहीत उतरवून द्यायचा, फोन खिशात. धड्याचा व्हिडिओ पाहायचा असेल तर बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड 'दीक्षा' या सरकारी अभ्यासाच्या ॲपनं स्कॅन करा, साहित्य डाउनलोड करा, डेटा बंद करा आणि दीक्षाच पिन करून द्या. नेट नसताना ते चालतं. रोजचा दीड-दोन जीबी डेटा रात्री बाराला वाया जातो म्हणून पोराला 'पाह्य' म्हणत फोन देण्याची जी पद्धत घरोघर पडली आहे, ती सगळ्यांत महाग.

बाकीच्या चार-दोन गोष्टी एका संध्याकाळी उरकतील. प्ले स्टोअरमध्ये वर आपल्या चिन्हावर टॅप करून सेटिंग्ज, तिथे 'कुटुंब', 'पालक नियंत्रणे' चालू करा, वेगळा पिन द्या आणि खेळांची मर्यादा ७+ वर आणा. एवढ्यानं नवीन खेळ उतरवायचा थांबतो, आधी टाकलेला नाही. आणि चुलतभाऊ आपल्या फोनवरून फाइल पाठवून खेळ टाकत असेल तर तोही नाही. त्यासाठी 'अज्ञात ॲप इन्स्टॉल करणे' याची परवानगी सगळ्या ॲप्सची काढून टाका. खरेदीला दर वेळी पासवर्ड विचारावा असंही प्ले स्टोअरमध्ये ठेवा. यूपीआयमध्ये 'लाइट' चालू असेल तर बंद करा. त्यातून लहान रक्कम पिन न विचारता जाते. यूट्यूबसाठी 'यूट्यूब किड्स' वेगळं टाका, त्यात 'फक्त मंजूर केलेला कंटेंट' निवडलं की शोधायची सोयच उरत नाही, तुम्ही निवडलेलेच चॅनेल दिसतात. साध्या यूट्यूबचा 'मर्यादित मोड' हा चाळणीसारखा आहे, मोठे खडे अडतात, बारीक खाली पडतातच.

आजींना यातलं काही सांगायची गरज नाही. त्यांना दोनच गोष्टी सांगा, त्या वाचता येत नसल्या तरी पाळता येतात. फोन ओसरीवरच चालेल, आतल्या खोलीत किंवा गोठ्यात नाही. आणि कानात वायर नाही, आवाज मोठा. अशा खेळांत माणसं एकमेकांशी बोलतात. दुपारच्या वेळी फोनमधून परक्या माणसाचा 'अरे छोटू' ऐकू आला की आजी हातातली तूर निवडायची सोडून विचारणारच, 'कोण आहे रे तो?' हे काम कुठलंच ॲप करत नाही.

आता तुमच्या यजमानांच्या बटणाच्या फोनबद्दल. ते निम्मे बरोबर आहेत. तिसरीतल्या पोराला दिवसभर स्मार्टफोन घरी ठेवायचं कारणच काय? बटणाचा फोन आजीजवळ राहू द्या, अडीअडचणीला लागतो, आणि मोठा फोन वावरात न्या. अभ्यास सातनंतर. वेचणीच्या दिवसांत सातला अंग कसं झालेलं असतं याची कल्पना आहे, पण वहीत चार ओळी उतरवायला दहा मिनिटं पुरतात. निम्मे चुकतात ते इथे : घरातून फोन गेला तरी चुलतभावाचा आहे, शेजारच्याचा आहे, बसस्टॉपवर पोट्ट्यांच्या घोळक्यात एक असतोच. तिथे पिन नाही, आजी नाही. तिथे त्याच्याजवळ माहिती असलेलीच बरी : खेळात भेटलेल्याला आपला नंबर, गाव, शाळा सांगायची नाही; अंघोळीच्या वेळी जे झाकतो त्याचा फोटो कुणाला काढू द्यायचा नाही, काढायचा नाही; आणि 'घरी सांगू नको' हे शब्द आले की घरीच सांगायचं. तोंडपाठ करून घेऊ नका, करून पाहा. तुम्ही 'भैया' व्हा, त्याला 'नाही' म्हणू द्या. गणवेशातला फोटोही कसा बोलतो ते दाखवा : खिशावरचा बिल्ला, मागे शाळेची पाटी, पाटीवर गाव आणि तालुका. चेहरा झाकला तरी पत्ता मिळाला. (वाढदिवसाचे फ्लेक्स लावणाऱ्यांनीही हा फोटो एकदा नीट पाहावा.)

गुरुजींचं म्हणणं ऐकून घ्या, त्यांच्यावरही वरून दबाव असतो. पण गृहपाठ फोनवरच पाहिजे हे काही अटळ नाही. शेवटच्या दहा मिनिटांत फळ्यावर लिहिलं आणि मुलांनी वहीत उतरवलं तर तिसरीच्या मुलांचं शुद्धलेखनही होतं. ग्रुपवर टाकायचंच तर संध्याकाळी सातनंतर टाकावं, घरी मोठं माणूस असताना. ग्रुपच्या सेटिंग्जमध्ये मेसेज फक्त ॲडमिन पाठवतील असं करावं, नवा सदस्य ॲडमिनच्या मंजुरीनं यावा, आणि जूनअखेर शाळा उघडली की जुने नंबर काढावेत. सोडून गेलेल्या मुलांच्या घरचे नंबर वर्षानुवर्षं तिथे पडून असतात. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसू नयेत म्हणून 'कम्युनिटी'तला सूचना-गट वापरता येतो. कार्यक्रमाचे फोटो टाकताना मुलांची नावं खाली देऊ नयेत आणि ते शाळेच्या फेसबुक पानावर जाणार असतील तर पालकांना विचारावं.

हे तुम्ही एकट्यानं सांगायला गेलात तर तक्रार होते. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच जास्त असतात, तिच्या बैठकीत हा विषय घ्यायला सांगा, पोराचं नाव न काढता. मार्च २०२२ च्या शासन निर्णयानं प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती ठेवायची आहे, तुमच्या शाळेत तिच्यावर कोण कोण आहे ते विचारा. नावं फळ्यावर लागलेली असावीत. आणि एक लक्षात असू द्या : गुरुजींना घडलेलं सांगितलंत, तर पोलिसांना कळवणं पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे त्यांच्यावर बंधनकारक होतं, 'आपसात मिटवू' म्हणण्याची मोकळीक त्यांना नाही. त्यामुळे आधी तुम्ही ठाण्यात जाऊन या, मग त्यांना सांगा.

शेवटचा प्रश्न. पोरगा फोनकडे पाहत नाही हे मी चांगलं समजणार नाही, वाईटही लगेच नाही. मार खाल्लेलं मूल आठ-पंधरा दिवस त्या वस्तूपासून लांब राहतंच. पाहायचं ते दुसरं : रात्री फोन वाजला की दचकतो का, शाळेत जायला पोट दुखतं म्हणतो का, अंथरूण ओलं करायला लागला का, बापासमोरून उठून जातो का. बाप बोलल्यावर हे हळूहळू ओसरायला पाहिजे. महिनाभर तसंच राहिलं तर १४४१६ वर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. फोन तुम्ही करा, पोराच्या हाती देऊ नका. आणि ब्लॉकच्या यादीतला तो नंबर आज रात्रीच उतरवून घ्या.